मुंबईचा पगार, कोल्हापूरचं भाडं

परवा पुन्हा एका जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा मेसेज आला. "तुम्ही सुटलात गं. आम्हीही विचार करतोय. नाशिक बघू की कोल्हापूर? महिन्याला किती वाचतात ते खरं सांग." या महिन्यातला हा तिसरा. प्रत्येकीला तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही मुंबई सोडून कोल्हापूरला आलो ते काही निसर्गाच्या ओढीने वगैरे नाही. कांदिवलीत ३८० फुटांचं वन बीएचके, भाडं ३४,०००. नऊ वर्षांत चार घरं बदलली. दर अकरा महिन्यांनी करार, भाडेवाढ, आणि घर बदललं की एजंटची दलाली. चौथी बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. मालकाला बिल्डर भाडं देणार होता, आम्हाला दोन महिन्यांची मुदत. त्यात आजूबाजूच्या तीन सोसायट्या एकदमच रिकाम्या झालेल्या, त्यामुळे त्यांचे मालकही आमच्यासारखेच घर शोधत फिरत होते, फक्त बिल्डरच्या पैशांवर. एजंट म्हणाला, "मॅडम, बेचाळीसच्या खालचं विसरा." त्या रात्री आम्ही दोघांनी पहिल्यांदा कागदावर हिशेब मांडला. मांडायला नको होता असं वाटण्याइतका वाईट निघाला.

कोल्हापूर का? नवऱ्याला गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम मिळालं म्हणून. नातेवाईक एकही नाही. माझं माहेर चिपळूण, सासर विरार. २०२१ च्या जुलैमध्ये आईच्या घरात पाणी शिरलं होतं, त्याची रेघ भिंतीवर रंगाखालूनही ओळखू येते. त्यामुळे इथे घर बघताना लोक किचन ट्रॉली दाखवायचे आणि मी विचारायचे, पाणी कुठपर्यंत येतं? त्यात इथल्या कुणाला काही विचित्र वाटत नाही. उलट मालक आपणहून सांगतात, "एकोणीसलाही आलं नाही, एकवीसलाही नाही." जाहिरातीत स्विमिंग पूल सांगतात तसं. पावसाळ्यात भाजीवालीला सुद्धा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पाठ असते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. जी मैत्रीण नुसतं स्क्वेअर फुटाचा दर बघून घर ठरवणार आहे तिने एवढं तरी विचारावं. २०१९ ला महापुरात पुणे-बंगळूर हायवेच कित्येक दिवस बंद होता, तेव्हा 'गाडी काढली की सात-आठ तासांत मुंबई' हे गणितही सगळ्याच महिन्यांना लागू नाही.

तर राजारामपुरीच्या पुढे, उंचावर, टू बीएचके मिळालं. १५,०००. बाल्कनीत खुर्ची टाकून पाय लांब करता येतात. हे वाक्य ज्यांना फालतू वाटलं त्यांनी मुंबईत भाड्याने राहून बघावं.

आता खर्च. स्वस्त झालं ते घर. बाकीचं तुमच्या अंदाजापेक्षा फार कमी. गॅस सिलिंडर, पेट्रोल, मोबाइल, ऑनलाइन मागवलेला मिक्सर, सगळं जिथल्या तिथे. मुंबईत गोकुळचं दूध घ्यायचो, ते इथूनच यायचं. शाळेची फी थोडी कमी, डॉक्टर बराच स्वस्त. आणि एक गोष्ट चक्क महागली. मुंबईत आमच्याकडे गाडी नव्हती, लोकलचा पास काही शे रुपयांत महिनाभर चालायचा. इथे दोन दुचाक्या घ्याव्या लागल्या, कारण नवरा एका टोकाला आणि लेकीची शाळा दुसऱ्या. भारतातलं सगळ्यात महाग शहर सोडताना आपण तिथली एकुलती एक स्वस्त गोष्ट सोडतोय हे कुणी सांगत नाही.

नवऱ्याचा पगार जवळजवळ निम्मा झाला. हे मी आजवर कुणाला मेसेजवर लिहिलेलं नाही. घर चालतं ते माझ्या अंधेरीच्या कंपनीच्या पगारावर, जो मी इथल्या बेडरूममध्ये बसून कमावते. महिन्यातून एकदा रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, दोन दिवस ऑफिसात तोंड दाखवायचं, भावाच्या हॉलमध्ये झोपायचं आणि परत. उद्या कंपनी म्हणाली की आठवड्याला तीन दिवस या, तर ही सगळी गंमत संपली. माझ्या कामाची, माझ्या पगाराची नोकरी या शहरात मला तरी सापडलेली नाही. म्हणून "खर्च किती कमी होतो" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. पैसा कुठून येणार आणि तो किती दिवस येत राहील, हे आधी विचारा. लोक आमचं 'धाडस' म्हणून कौतुक करतात तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं. अहो, यात धाडस कसलं, निव्वळ दोन शहरांच्या भावातल्या फरकावर जगणं आहे.

हे मला कळलं ते समोरच्या काकूंमुळे. पहिल्याच रविवारी त्या पांढऱ्या रश्शाचा डबा घेऊन आल्या. घरभर एक नजर फिरवली आणि थेट विचारलं, भाडं किती देताय? मी मोठ्या उत्साहात म्हटलं, पंधरा. काकू जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आधीचे अकरा देत होते. तुम्ही मुंबईची माणसं, पंधरा म्हटलं की पंधरा देतासा. मग आमच्या पोरांनी कुठं जायचं?"

रागाने नव्हे. डबा तिथेच ठेवून, "गरम आहे तोवर खावा" असं सांगून गेल्या. पण मला तो रस्सा काही नीट गिळला नाही. कारण आम्ही खरंच घासाघीस केली नव्हती. चौतीस देणाऱ्याला पंधरा म्हणजे लॉटरी. कांदिवलीत बिल्डरच्या पैशांवर घर शोधणाऱ्यांनी आमचं जे केलं, तेच आम्ही इथे येऊन कुणाचं तरी केलं होतं. काकूंचा मुलगा इंजिनिअर आहे, हिंजवडीत नोकरी, तिघांत एक खोली. इथली पोरं तिथे जाऊन एकेका कॉटचं भाडं मोजतात आणि आम्ही इथे येऊन बाल्कनीत पाय लांब करतो.

बाकी आम्ही रुळलो. रात्री कधी गंगावेशीत जाऊन समोर काढलेल्या म्हशीच्या दुधाचा ग्लास पितो. अडचण एवढीच की सगळ्यांना सगळं कळतं. नवऱ्याने सुट्टी घेतली की दुपारपर्यंत दोघे-तिघे "बरं नाही का साहेबांना?" विचारून जातात. मुंबईत आमच्या मजल्यावर कोण राहतं ते मला नऊ वर्षांत धड ठाऊक नव्हतं. कधी कधी, खोटं कशाला बोलू, त्याची आठवण येते.

लेक मात्र पक्की इथली झाली. इथल्या बायका-मुली सर्रास "आलो", "गेलो" म्हणतात, तशीच ती शाळेतून आली की दारातून ओरडते, "आई, मी आलो!" चिपळूणची आजी फोनवर दर वेळी दुरुस्त करते, ही दर वेळी परत तेच म्हणते.

आणि हो, करार संपतोय. मालकांचा कालच फोन आला, आता सतरा म्हणतायत. या वेळी मी हो म्हटलेलं नाही. रविवारी बोलायला या म्हणाले. मला घासाघीस जमत नाही हे काकूंना सांगितलं, तर त्यांनी निवडत असलेली मेथी बाजूला सारली.

"तू काय बोलूच नको," म्हणाल्या. "मी येतो."