पत्रक नक्की कुणासाठी छापता?

सांगली-मिरजेकडच्या दवाखान्यांत मिळणारं मधुमेहाचं माहितीपत्रक बघितलं की डोक्यात तिडीक जाते. साखरेमुळे डोळ्यांचा पडदा खराब होतो, असं त्यातच छापलेलं असतं. ८ पॉइंटच्या अक्षरात! चकचकीत कागद, फिक्या निळ्यावर पांढरी अक्षरं. निदान १४ पॉइंट, साधा कागद आणि पांढऱ्यावर काळं, एवढंही जमू नये?

भाषा तर विचारूच नका. 'अधस्त्वचीय अंतःक्षेपण' म्हणे. अहो, 'कातडीखाली सुई' लिहा की!

आणि जीवावर बेतणारी गोष्टच गायब. इन्सुलिनची ४० ची बाटली (म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट) लाल टोपणाच्या सिरिंजने, १०० ची केशरी टोपणाच्या. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात ५० युनिट जातात, म्हणजे अडीचपट. साखर उतरून माणूस बेशुद्ध. याचं मोठं चित्र हवं, आणि नुसता रंग नको. लाल-केशरी ज्याला सारखंच दिसतं त्याच्यासाठी बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा ठळक दाखवा.

औषध सकाळी-रात्री घ्यायचं तर '१-०-१' ऐवजी सूर्य-चंद्र काढा. जतकडून येणाऱ्या कन्नड माणसाला कन्नड पत्रक द्या. बटणाच्या फोनवाल्याला 'क्यूआर कोड स्कॅन करा' सांगून काय उपयोग?

शेवटी विचारतात, "समजलं ना मावशी?" मावशी मान हलवणारच, मागे रांग उभी आहे. त्यापेक्षा सिरिंज हातात द्या आणि म्हणा, "घरी किती ओढणार, दाखवा बघू." दोन मिनिटांचं काम.