बिबट्या छातीपर्यंत आला होता

आज सकाळी डेअरीवाल्याने दुधाची पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, तिला गाठ मारली, ती गाठ दोनदा ओढून बघितली आणि माझ्या हातात देत म्हणाला, "भाऊ, नीट धरा. रस्त्यात काही दिसलं तर आधी पिशवी खाली ठेवायची, मग ओरडायचं."

मागच्या दोन बायका हसल्या. त्यातल्या एकीला तर मी ओळखतही नाही.

म्हणजे गोष्ट आमच्या सोसायटीचं फाटक ओलांडून, रस्ता पार करून डेअरीपर्यंत पोचली होती. दीड दिवसात. पार्किंगमधला दिवा गेलाय म्हणून मी सोसायटीला दिलेला अर्ज तळमजल्यावरून सेक्रेटरींच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत जायला निघून दोन महिने झाले होते. बहुधा जिन्यात दम खात बसला असावा.

झालं होतं ते एवढंच. सोमवारी रात्री साडेआठला मी आणि आमची पाच वर्षांची चिऊ दूध घेऊन येत होतो. पार्किंगमध्ये मिट्ट काळोख. चाचपडत चालताना मी कुणाच्यातरी स्कूटरच्या सीटवर हात टेकला, तर सीट गरम लागली आणि हलली. तिच्यावर झोपलेला बोका माझ्या खांद्यावरून उडी मारून पसार झाला. मी "आई गं!" ओरडलो, दुधाची पिशवी पडून फुटली. ओरडलो हे मला मान्य आहे. पण एकदाच ओरडलो, हेही कुठेतरी नोंदवून ठेवलं जावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली कट्ट्यावर चिऊने सादर केलेली आवृत्ती अशी: "काल ना, पार्किंगमध्ये बिबट्या आला होता. तो बाबाला म्हणाला, दूध दे. बाबा म्हणाला, नाही देणार, सकाळी चहाला लागतं. मग त्याने पंजा असा वर केला. मग बाबा आई गं म्हणून रडला. मग बाबाने दूध दिलं. मग तो सगळं दूध पिला आणि थँक्यू म्हणून गेला."

कट्ट्यावर सहा सुशिक्षित माणसं होती. त्यांनी यातला फक्त 'थँक्यू' वगळला आणि बाकीचं जसंच्या तसं स्वीकारलं.

या मुलीला घरात काहीही साधं घडलेलं चालत नाही. आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत नाहीत, आतले तांदूळ खिडकीच्या जागेवरून भांडतात. इस्त्रीवाल्याकडे कपडे जात नाहीत, ते मामाच्या गावाला जातात आणि तिथून शिस्त लागून परत येतात. मध्यंतरी तिने शाळेत सांगितलं की आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत घोडा आहे. पालकसभेत बाईंनी मला अतिशय गंभीरपणे विचारलं, "घोडा कसा आहे?" मी गडबडून "बरा आहे" म्हणालो. मग त्या म्हणाल्या, या वयात मुलं खरं आणि मनातलं यांच्यात सहज ये-जा करतात, टोकू नका, प्रोत्साहन द्या. प्रोत्साहन द्या म्हणणाऱ्यांच्या गॅलरीत घोडा नसतो. आमचा घोडा गेल्या महिन्यात आजारी पडला आणि माझी रविवारची दुपार त्याला काढा पाजण्यात गेली.

2027 च्या सिंहस्थासाठी गावात जी खोदाखोदी चालली आहे, तिच्यासमोर आमची स्कूटर अडकली तेव्हा चिऊ म्हणाली, "रस्त्याखाली एक नदी लपलीये, तिला शोधतायत." मी हसलो आणि हा विनोद सोसायटीतल्या नानांना सांगितला. नाना म्हणाले, "बरोबर सांगतेय पोरगी. अरुणा. रामकुंडाशी गोदावरीला मिळते म्हणतात, आता दिसते का कुठे?" तेव्हापासून नाना तिचे आणि ती नानांची. मी मधल्यामधे अडाणी ठरलो.

तसा दोष तिला तरी काय द्यायचा. हे गावच गोष्टीवर उभं आहे. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक, असं आपण पाहुण्यांना सांगतो (आणि नाशकात नाक कापलं गेलं हा विनोद इतक्यांनी इतक्यांदा केलाय की मी तो आज, हक्क असूनही, करणार नाही). सीतागुंफेत वाकून, रांगत उतरायचं, तपोवनात नेऊन उभं करायचं आणि मग मुलीला म्हणायचं, उगाच गोष्टी सांगू नकोस. गुंफेतून बाहेर आल्यावर तिने विचारलं होतं, "सीतामाईला शू आली तर ती रात्री एकटी बाहेर जायची?" मला उत्तर आलं नाही. पुढे आठवडाभर आमच्या घरी सीतामाई राहायला होती आणि बाथरूमचा दिवा रात्रभर चालू होता.

तर नाना. नाना तळमजल्यावर राहतात. पाटबंधारे खात्यात 34 वर्षं काढून निवृत्त झाले. नदी असो, बोळ असो, माणूस असो, नाना त्याची पातळी विचारतात. चिऊची गोष्ट संपली तेव्हा बाकीचे "बापरे" म्हणत होते. नानांनी चष्मा बदलला. जवळचा चष्मा.

"बाळा, बिबट्या कुठवर आला होता?"

"स्कूटरवर."

"तसं नाही. बाबांच्या कुठवर? गुडघ्याला की कमरेला?"

हा प्रश्न नाशिकबाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. रामकुंडाजवळ गोदापात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पूर आला की किती क्युसेक पाणी सोडलं हे आकडे पेपरात येतात, पण गाव विचारतं ते एवढंच, मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला असलं तर लोक बघायला जातात, कमरेला लागलं तर दुकानदार माल हलवायला लागतात, छातीला आणि पुढे गळ्याला लागलं की बघायला गेलेल्यांनाच हलवावं लागतं. नानांनी आयुष्यभर याच मापात विचार केलाय. प्रश्न एवढाच, की या प्रसंगात मारुती मी होतो.

चिऊने मला आपादमस्तक न्याहाळलं. "छातीला," ती म्हणाली.

कट्ट्यावरून हुंकार उठला. छाती म्हणजे धोक्याची पातळी.

"नाना," मी म्हणालो, "अहो बोका होता. आपला तो पिवळा बोका. बी विंगच्या काकू ज्याला पोळी घालतात तो."

"अंधार होता ना?"

"होता."

"मग तुम्हाला कसं दिसलं बोका होता ते?"

"तसं दिसलं नाही, पण..."

"दिसलं नाही," नानांनी बाकीच्यांकडे वळून माझी साक्ष निकालात काढली. "आणि ओरडलात ते बोक्याला?"

यावर काय बोलणार? हो म्हणावं तर मी बोक्याला घाबरणारा. नाही म्हणावं तर बिबट्या होता. आयुष्यात पहिल्यांदाच माझी अब्रू आणि खरेपणा समोरासमोर उभे राहिले आणि, खरं सांगतो, मी क्षणभर रेंगाळलो. नानांनी तो क्षण बरोबर टिपला.

मग आम्ही सगळे पार्किंगमध्ये. पुढे नाना बॅटरी घेऊन, मागे वॉचमन, तिसऱ्या मजल्याचे दोघे काठ्या घेऊन, शेवटी मी. चिऊ नानांचं बोट धरून. तिसऱ्या मजल्यावर प्लास्टरचं काम चालू असल्याने सिमेंटची धूळ खाली सांडलेली होती, आणि सांडलेल्या दुधाच्या सुकलेल्या डागापासून निघालेले पायाचे ठसे त्या धुळीत अगदी स्वच्छ उमटले होते. नाना गुडघ्यावर बसले. बसायला त्यांना मिनिटभर लागलं, पण बसले.

"नखं दिसतात का?"

वॉचमन वाकून म्हणाला, "नाही दिसत."

"कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात," नाना म्हणाले. "मांजराच्या कुळातला प्राणी चालताना नखं आत घेतो. म्हणजे हा त्या कुळातला."

"मी तेच सांगतोय! मांजर!"

"कुळ म्हणालो मी."

"नाना, ठसा बघा केवढा आहे. रुपयाच्या नाण्याएवढा. बिबट्याचा पंजा केवढा असतो?"

नानांनी ठशावर अंगठा ठेवून बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर शंका आली आणि मला वाटलं, सुटलो. मग ते हळूच म्हणाले, "पिल्लू."

कुणी काही बोललं नाही.

"आणि पिल्लू आहे," नाना उठताना माझ्या खांद्याचा आधार घेत म्हणाले, "म्हणजे आई जवळपासच आहे."

तिसऱ्या मजल्याचे दोघे पाठीला पाठ लावून उभे राहिले. चिऊचे डोळे असे चमकत होते की काय सांगू. तिच्या गोष्टीत बिबट्याची आई नव्हती, ती नानांनी फुकट दिली होती. "तिला पण दूध पायजे," ती म्हणाली.

इथे मला जरा वेगळं बोलायचंय. नाशकात बिबट्या ही थट्टेची गोष्ट नाही. गंगापूर रोडला भर वस्तीत बिबट्या शिरलाय, घरांच्या जिन्यांतून, गच्च्यांवरून पळालाय. निफाड-सिन्नरकडे माद्या उसातच वितात, ऊसतोड सुरू झाली की फडात बछडी सापडतात. मग वनखात्याची माणसं ती त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, लांबून पाळत ठेवतात आणि रात्री मादी येऊन एकेक करून उचलून नेते. माझा मामा निफाड तालुक्यात राहतो. शेतीची वीज रात्री असली की तो रात्री पाणी भरायला जातो, गळ्यात मफलर, हातात काठी, मोबाइलवर मोठ्याने भजन लावून. भजन देवासाठी नसतं. त्याच्या बांधावर दिवा लावायला कुठली कमिटी दहा मिनिटांत जमत नाही. आमच्या पार्किंगमध्ये एका बोक्यासाठी चार काठ्या आणि एक निवृत्त अभियंता उतरला, हे त्याला फोनवर सांगायचं मी आजवर टाळलंय.

त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्याचे अकरा फोटो आले. त्यातल्या एकात बिबट्या आमच्या फाटकासमोर उभा होता आणि त्याला पाच पाय होते. "एआय वाटतंय," कुणीतरी लिहिलं. त्यावर उत्तर आलं, "फोटो काहीही असो, घटना खरी आहे. लहान मुलं खोटं बोलत नाहीत." हे लिहिणारे गृहस्थ त्याच ग्रुपवर दर महिन्याला मेंटेनन्स ऑनलाइन भरल्याचं सांगतात.

आणि रात्री दहाला पार्किंगमध्ये दिवा लागला.

एक नाही, दोन लागले. माझे तीन अर्ज, एक स्मरणपत्र, सेक्रेटरींना जिन्यात गाठून केलेल्या दोन विनंत्या. एका अर्जात मी 'ज्येष्ठ नागरिकांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने' असंही लिहिलं होतं, ते वाक्य जुळवायला अर्धा तास गेला होता. कशाने काही हललं नाही. आणि हिने 'छातीला' असा एक शब्द उच्चारला. वायरमन जेवण टाकून आला. मी खिडकीतून तो लख्ख उजेड बघत होतो आणि मला अजिबात आनंद झाला नाही. सेक्रेटरी खालून ओरडले, "बघा, दिवा लावला हं! तुम्ही आधी नीट सांगायला हवं होतं!"

नीट म्हणजे कसं, ते मी अजून शोधतोय.

काल मी ठरवलं की पोरीनेच खरं सांगायचं. तिला समोर बसवून, आवाज अजिबात न चढवता, समजावलं. ती म्हणाली, "पण बोका होता हे सगळ्यांना माहितीये, त्यात काय सांगायचं?" मी म्हणालो, माहीत नाहीये, म्हणून सांगायचं. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. मग आम्ही नानांकडे गेलो.

"नाना, बिबट्या नव्हता," तिने पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. "बोका होता. बाबा रडला नाही. बाबा फक्त एकदा ओरडला."

नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे. उठले, डब्यातली राजगिऱ्याची वडी काढून तिच्या हातावर ठेवली आणि डोक्यावरून हात फिरवला.

"दम दिला का गं बाबांनी?"

चिऊने वडीचा तुकडा तोडला, विचार केला आणि मान डोलावली.

आज मेंटेनन्सची नोटीस लागलीये. इतर खर्च: बल्ब 2, बॅटरी 1, काठ्या 4, चहा 14 कप. कारणाच्या रकान्यात 'बिबट्या (ए-402)' लिहिलंय. 402 म्हणजे आम्ही. त्या चौदा कपांतला एकही मला मिळाला नव्हता, तो विषय वेगळा.

नोटीस वाचून दुधाची ती गाठ मारलेली पिशवी घेऊन मी लिफ्टपाशी आलो. लिफ्ट बंद. दहा दिवस झाले, त्याचाही अर्ज दिलाय. चिऊ शाळेला निघाली होती, जिना उतरून खाली येत होती. मी इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. खाली बसलो आणि हळूच विचारलं, "चिऊ, या लिफ्टमध्ये कोण राहतं गं?"

तिने बंद दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लिफ्टमध्ये कोण राहील, बाबा? ती बिघडलीये," ती म्हणाली. "तू तक्रार कर ना."