सर्वानुमते, म्हणजे मला सोडून

आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरची मुदत गाठायला दोन दिवस राखून उरकली. फ्लॅट ४८. कोरमला २० लागतात, दहा वाजता नऊ टाळकी. मग नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब, आणि तीच सभा कोरमशिवाय सुरू. विषय क्रमांक ६: लॉबीला ग्रॅनाइट, सव्वाचार लाख. मी उभा राहून म्हणालो, "माझा विरोध आहे. आधी गच्चीवरची टाकी गळतेय ती बघा. तसं लिहून घ्या."

काल इतिवृत्ताचा मसुदा आला. "सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर." हजेरीपटावर माझी सही सातव्या नंबरला आहे. म्हणजे मी होतो, फक्त सर्वांत मोडत नव्हतो.

तेव्हा बहुमतापुढे 'नाही' म्हणायची हौस असणाऱ्यांसाठी थोडी शब्दसंपदा. पुढच्या सभेआधी पाठ करा.

'विरोध' म्हणू नका. घरात लहान मुलं आहेत.

सुरुवात "कमिटी खूप मेहनत घेते, त्यात वादच नाही" अशी करा. टाळ्या पडतात. त्या थांबेपर्यंत अध्यक्ष विषय क्रमांक ७ वर पोचलेले असतात.

'असहमती' चालेल. शुद्ध मराठी आहे, कोणाला कळत नाही.

'मतभेद' म्हणालात की कोणीतरी "पण मनभेद नकोत" म्हणणारच. पुन्हा टाळ्या.

सगळ्यांत सुरक्षित म्हणजे "मला एक शंका आहे". शंकेचं निरसन करता येतं. मात्र शंका विचारताना हातात कागद नको. माझ्या हातात होता. बाकीची दोन कोटेशनं कुठे आहेत, एवढंच विचारलं. खजिनदार दुखावल्या आवाजात म्हणाले, "काका, आमच्यावर विश्वास नाही का?" विचारलं ग्रॅनाइटचं, उत्तर विश्वासाचं! मागून कोणीतरी म्हणालं, "विरोधासाठी विरोध." दुसरा म्हणाला, "यांचं दरवर्षीचंच आहे." तिसऱ्याने तर तोडगाच काढला, "आवरा हो, वडे गार होतायत." त्यावर अध्यक्ष, "मग, सगळ्यांना मान्य?" आणि खुर्च्या सरकल्या. हेच मतदान. विरोधात कोण, हे विचारलंच नाही. हात मोजले नाहीत. सूचक-अनुमोदकांची नावं तर नंतर जिन्यात ठरली. अहो, ठराव तसाही मंजूरच होणार होता! 'बहुमताने मंजूर, विरुद्ध एक' असं लिहायला किती शाई लागते? मराठीत 'बहुमताने' हा शब्द काय शोभेला ठेवलाय? पण नाही. उद्या पावसात त्या गुळगुळीत फरशीवर कोणी घसरून पडलं की म्हणता यायला हवं, "सर्वांनीच तर ठरवलं होतं."

मसुद्यावर १५ दिवसांत लेखी म्हणणं मांडायची सोय उपविधींत आहे. पत्र जरूर द्या. पोच देणारा गावाला गेलेला असतो.

आणि शेवटची जागा म्हणजे लिफ्ट. असहमती व्यक्त करायला इतकी निवांत जागा दुसरी नाही. सभेनंतर तिथेच तिघांनी मला गाठलं. "तुमचं बरोबर होतं हो. पण उगाच वाईटपणा कोण घेणार?"

मग तेव्हा तोंडात वडा होता का? तुम्ही तिघं नुसते उभे राहिला असतात तरी सेक्रेटरीचा हात 'सर्वानुमते' लिहिताना अडखळला असता. लिफ्टमध्ये इतिवृत्त लिहीत नाहीत! टाकी माझ्या डोक्यावर गळत नाही, मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. ओल तुमच्या बेडरूमला, पोपडे तुमच्या छताचे, आणि वाईटपणा मी घ्यायचा? दरवर्षी? त्या कमिटीला कशाला नावं ठेवता, तिला तुमच्यासारखेच सभासद हवे असतात.

पत्र उद्या देतोय. माझ्या सहीखाली तीन ओळी कोऱ्या सोडल्यात. सकाळी नऊला लिफ्टपाशीच उभा असेन, पेन घेऊन.