कांट उघडण्यापूर्वी

कांट, तो जर्मन तत्त्वज्ञ, वाचायचं मनात आलंय म्हणता? पुण्यात हा विचार कधी ना कधी प्रत्येकाच्या मनात येतोच, बहुधा दुसऱ्या कॉफीनंतर. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणतात, 'अहो, हे कांटनं केव्हाच सांगून ठेवलंय.' त्यांच्यासमोरचे तिघं माना डोलावतात, आपणही डोलावतो, आणि घरी जाताना वाट वाकडी करून अप्पा बळवंत चौकात गाडी लावायला जागा शोधू लागतो. जागा मिळाली नाही तर तो शुभशकुन समजून सरळ घर गाठा. मिळाली, तर पुढचं वाचा.

घ्यायचं ते 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन'च. १७८१ साली निघालं तेव्हाच त्याची साडेआठशेच्या वर पानं होती. पाहुण्यांना चपला काढता काढता दिसेल अशी जाडी. इथं एखादा भोचक प्राध्यापक तुम्हाला गाठेल आणि सांगेल की लोकांना पुस्तक झेपत नाहीये हे खुद्द कांटलाच उमगलं होतं, म्हणून त्यानं १७८३ मध्ये 'प्रोलेगोमेना' नावाचं छोटं पुस्तक काढलं, नवख्यानं तिथून सुरुवात करावी. ऐकू नका. छोट्या पुस्तकात मोठा दगा असतो, ते वाचून संपतं. आणि संपलं की लोक विचारतात, काय होतं हो त्यात? जाड पुस्तकाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. 'चालू आहे' एवढं म्हटलं की वीस वर्षं निभतात. माझी एकोणीस झाली.

पुस्तक घरी आलं की लगेच वाचायला बसायचं नसतं. आधी भाषांतराचा वाद. १९२९चं केम्प स्मिथचं चांगलं, की १९९८चं गायर आणि वुडचं? यात सहा महिने सहज जातात. दोन्ही न वाचता मत देता येतं; वाचलं की उलट मत डळमळतं. सहा महिन्यांनी 'भाषांतरात राम नाही, मुळातूनच वाचलं पाहिजे' असं जाहीर करा आणि मॅक्स म्युलर भवनात नाव घाला. जर्मनमध्ये स्टेशनचा रस्ता विचारता येईपर्यंत मुलीचं लग्न निघतं. एक गोष्ट मात्र मी गंभीरपणे सांगतो. कांटची वाक्यं इंग्रजांना छळतात तेवढी आपल्याला छळायला नकोत. मूळ जर्मनमध्ये अर्धं पान ओलांडलं की मग कुठं क्रियापद भेटतं, म्हणून ते रडतात. आपलंही शेवटीच भेटतं. 'सदरहू मिळकतधारकांस'पासून सुरू होणारी नोटीस ज्यानं एका दमात वाचली, त्याला कांटनं घाबरवायचं कारण नाही. पण हे बाहेर बोलू नका. लोकांची भीती गेली तर कट्टा कशावर चालायचा?

तोवर चरित्र पाठ करा. गप्पांत चरित्रालाच उठाव असतो, आणि या माणसाचं चरित्र तर पुण्यासाठीच घडलेलं. १७२४ साली क्योनिग्सबर्गला जन्मला, १८०४ साली तिथंच गेला. पूर्व प्रशियाच्या बाहेर पाऊल टाकलं नाही आणि विद्यापीठात भूगोल शिकवत राहिला. सदाशिव पेठ न सोडता न्यूयॉर्कचं काय चुकतं ते सांगणाऱ्यांना हा परका वाटू नये. पहाटे पाचला उठायचं, दुपारी एकला जेवायचं, आणि ठरल्या वेळी फिरायला निघायचं. त्याच्या फेरीवर गावकरी घड्याळं लावत म्हणे. ती फेरी चुकली ती रूसोचं 'एमिल' हाती पडलं तेव्हा, अशी आख्यायिका आहे. बघा, वाचनानं काय होतं ते. फक्त एका बाबतीत तो पुणेकर नव्हे. ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं आपल्याला मताग्रहाच्या झोपेतून जागं केलं, असं तो कृतज्ञतेनं लिहितो. एक ते चारमध्ये आपल्याला कुणी जागं केलं असतं, तर आपण पाटी लावली असती.

चर्चेत उतरायला दोन हत्यारं पुरतात. समोरच्यानं 'ट्रान्सेंडेंटल' म्हटलं की चष्मा खाली सरकवून विचारायचं, 'तुम्हाला ट्रान्सेंडेंट म्हणायचंय का?' कांटच्या हिशेबी पहिला शब्द अनुभव मुळात शक्य कशामुळे होतो त्याविषयीचा, आणि दुसरा अनुभवाच्या पलीकडे उडी मारणाऱ्याचा. पण हा खुलासा करू नका, प्रश्न विचारून पाणी प्या. दुसरं हत्यार म्हणजे 'ए ५१, बी ७५'. ए म्हणजे पहिली आवृत्ती, बी म्हणजे १७८७ची दुसरी, आणि कांटवाले पानांचा पत्ता असाच देतात. आशयावाचून विचार पोकळ आणि संकल्पनांवाचून प्रतीती आंधळी, हे ते प्रसिद्ध वाक्य. वाक्य विसरलात तरी चालेल. आकडा मात्र बसच्या नंबरासारखा तोंडात हवा. व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत तो फेकून बघा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या गावाला ऐकायची सवय आहे, आणि ऐकलेल्या गोष्टीवर उठून वक्त्यापेक्षा लांब बोलायची तर त्याहून जास्त.

एवढी खबरदारी घेऊनही एखाद्या रविवारी, घरी कुणी नसताना, पुस्तक उघडलं जायचा धोका राहतोच. उघडलंच, तर प्रास्ताविकातलं सात अधिक पाच बारा तेवढं टाळा. दिसायला ते पहिलीच्या पुस्तकातलं आहे. 'विधुराची बायको वारलेली असते' हे विधुर या शब्दातच दडलेलं असतं, त्यानं नवं काही कळत नाही, इथवर ठीक. पण सात, पाच आणि त्यांची बेरीज या कल्पना कितीही उसवल्या तरी आत बारा सापडत नाहीत, असं हा माणूस म्हणतो. बोटं मोजावी लागतात. बरं, मोजून कळलं म्हणजे अनुभवानं कळलं म्हणावं, तर अनुभव उद्या वेगळा येऊ शकतो. मंडईत मेथीच्या सात जुड्यांवर पाच ठेवणाऱ्या मावशींना मात्र उद्या तेरा होतील की काय, अशी धास्ती कधी नसते. मग ही खात्री आली कुठून? जुड्यांकडून तर नाही. म्हणजे पाहायच्या आधीच आपण स्थळ आणि काळ नावाचं काहीतरी डोळ्यांवर चढवून बसलोय, आणि जग त्यातूनच दिसतंय, आणि त्याशिवाय ते कसं असेल हे... इथं चहा निवतो. तुम्ही मागचं पान परत काढता. संध्याकाळी कट्ट्यावर कुणी कांटचं नाव काढतं आणि तुमच्या तोंडून निघून जातं, 'मला ते अजून नीट कळलेलं नाही हो.' चौघं तुमच्याकडे बघतात. पुढच्या आठवड्यापासून तुमची खुर्ची दुसऱ्या टेबलाला लागते.

आणि पेन्सिल तर हातात घेऊच नका. टिळकांनी घेतली होती. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी आख्खं गीतारहस्य पेन्सिलीनं लिहून काढलं आणि गीतेच्या पंगतीला कांटलाही बसवलं. पण त्यांना सहा वर्षांची शिक्षा होती. तुम्हाला शनिवार-रविवार मिळतो, त्यातला एक मिसळीत जातो.

पेन्सिलीनं काय होतं ते माझ्या घरी बघायला मिळेल. माझी प्रत जुन्या पुस्तकांच्या ढिगातली. आधीच्या मालकानं नाव घातलेलं नाही, पण समासांत इतकं लिहिलंय की कोरी जागा शोधावी लागते. त्या ए ५१च्या वाक्याशेजारी बारीक अक्षरात आहे, 'आत्ता कळलं. २ जुलै.' त्याखाली, 'नाही. ३ जुलै.' मग एक बाण, मागच्या पानांकडे. पुढं जगाला सुरुवात आहे आणि जगाला सुरुवात नाही, या दोन्ही गोष्टी कांट समोरासमोर सिद्ध करून दाखवतो. तिथं फेब्रुवारीतली तारीख आहे आणि शेरा आहे, 'दोन्ही पटतं. आज ऑफिसला उशीर.'

असल्या माणसाला कुणी कट्ट्यावर बोलावलं नसणार. पाहुणे आले की मी ही प्रत मागच्या रांगेत सरकवतो. एरवी अधूनमधून काढतो, २ जुलै वाचतो, ३ जुलै वाचतो आणि परत ठेवतो. परवा त्याखाली आपणही एक तारीख घालावी असं वाटलं. घरात पेन्सिल सापडली नाही, नशीब.