‘ऑडिओ ३२०वर ठेवा’ हा सल्ला का चुकतो

एमकेव्ही व्हिडिओ फाइलचं एमपी४ करायला निघालं की हमखास मिळणारा सल्ला: फॉरमॅट बदलला की आवाज थोडा उतरतोच, म्हणून कन्व्हर्टरमध्ये ऑडिओ ३२० केबीपीएसवर (सेकंदाला ३२० किलोबिट) ठेवा, तरीही टीव्हीवर आवाज आला नाही, तर मूळ फाइलच खराब.

‘आवाज उतरतोच.’ कशाला उतरेल? एमकेव्ही, एमपी४ हे नुसते डबे. आतला आवाज एएसी, एसी-३, ओपस अशा कोडेकमध्ये, म्हणजे आवाज दाबून साठवायच्या पद्धतीत, असतो आणि तो जसाच्या तसा दुसऱ्या डब्यात ठेवता येतो. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या कन्व्हर्टरमध्ये कोडेकच्या जागी ‘कॉपी’ लिहायचं, बस. काहीच न लिहिता आउटपुटला फक्त एमपी४ नाव दिलं, तर ते स्टिरिओ आवाज गुपचूप १२८च्या आसपासच्या एएसीत नव्याने एन्कोड करतं. शिवाय मराठी आणि हिंदी असे दोन ट्रॅक असतील, तर ‘मॅप’ लावून दोन्ही मागावे लागतात. न मागितल्यास एकच येतो, आणि हे कळतं तेव्हा मूळ फाइल बहुधा डिलीट झालेली असते. हँडब्रेक हा दुसरा कन्व्हर्टर व्हिडिओ नव्यानेच एन्कोड करतो, पण ऑडिओच्या टॅबमध्ये ‘पासथ्रू’ निवडला की आवाजाला तो हात लावत नाही.

‘३२०वर ठेवा.’ मूळ आवाज १२८चा असेल, तर दाबताना गाळलेलं काही परत येत नाही. त्या दाबण्यात तबल्याच्या थापेआधी पुसट फसफस शिरली असेल, तर तीही इमानेइतबारे जपली जाते. वर तासाला सुमारे ८६ एमबी फुकट.

‘मूळ फाइल खराब.’ आधी ती कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून बघा. तिथे आवाज येत असेल, तर फाइल ठीक आहे. बऱ्याचदा आत डीटीएस हा कोडेक असतो आणि तो टीव्हीला उलगडता येत नाही. अशा वेळी व्हिडिओ कॉपी करा, फक्त आवाज एसी-३मध्ये ६४०वर न्या आणि ५.१ (सराउंड) चॅनल तसेच ठेवा. स्टिरिओत दाबले की संवाद पुटपुटल्यासारखे वाटू शकतात. आउटपुट वेबएम या तिसऱ्या डब्यात असेल, तर हा उपाय चालणार नाही; तिथे फक्त व्हॉर्बिस किंवा ओपस.

मूळ फाइल उडवण्याआधी दोन्ही फाइली मीडियाइन्फो या फाइलीतला तपशील दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि कोडेक, चॅनल, ट्रॅकची संख्या, कालावधी ताडून बघा. ‘कॉपी’ केली असेल, तर ऑडिओचा बिटरेटही जुळायला हवा.