नटीला राजदूत केलं तर एवढं हसायचं काय?

नाट्यपंढरी म्हणून मिरवणारी आपली सांगली. पण कुणी नट राजकारणात आला की पहिलं नाक मुरडणार आपणच. "तोंडाला रंग फासणाऱ्याला काय कळतंय त्यातलं?" आणि रोड शोला कोण हिरो आलाय ते बघायला हीच मंडळी सगळ्यांच्या पुढं! अहो, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं तेच मुळी सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं. दरबार आणि रंगभूमीचं आपल्याकडं जुनंच गूळपीठ आहे.

नटांनी राजकारणात यायला माझी काही हरकत नाही. चेहरा बघून थेट तिकीट द्यायचं आणि मग पाच वर्षं त्याच्याकडून फक्त फिती कापून घ्यायच्या, याला आहे.

अमेरिकेची शर्ली टेंपल बघा. कुरळ्या केसांची ती पोरगी, 1935 ते 38 हॉलिवूडमध्ये तिकीटबारीवर सलग पहिली. बाविसाव्या वर्षी सिनेमा सोडला. 1967 मध्ये काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, निवडणूक लढवायला गेली, तर पक्षांतर्गत लढतीतच आपटली. मला वाटतं, तिचं भलं झालं ते तिथंच. राष्ट्राध्यक्ष निक्सननी 1969 मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांत शिष्टमंडळावर पाठवलं. मग 1974 मध्ये घानात राजदूत, तिथून परत आल्यावर परराष्ट्र खात्यात राजशिष्टाचार प्रमुख, त्या पदावरची पहिलीच बाई. एकेक पायरी चढत गेली.

आणि प्राग, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाची राजधानी! ऑगस्ट 1968 मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संघटनेतर्फे ती तिथं गेली होती. भावाला तोच आजार. नेमके तेव्हाच रशियाचे रणगाडे शहरात घुसले आणि बाईंना परदेशी लोकांच्या गाड्यांच्या ताफ्यातून देशाबाहेर पडावं लागलं. 1989 मध्ये त्याच शहरात ती राजदूत म्हणून परतली, आणि वर्ष संपायच्या आत तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळून नाटककार वाक्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा तिथं बसलेल्या राजदूताला रणगाडे काय असतात हे फायलीतून वाचावं लागलं नव्हतं.

(तिचीही नेमणूक राजकीयच होती, हे मान्य. पक्षासाठी राबली होती ती. पण मिळालेलं काम केलं ना!)

आपल्याकडं विनोद खन्ना 2003-04 मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री होते. गुरुदासपूरमधून चारदा खासदार. पण त्यांचा विषय निघाला की कट्ट्यावर अजून पडद्यावरच्या मारामाऱ्याच निघतात. त्या खात्यात त्यांनी काय केलं, हे तेव्हा कुठल्या चॅनेलनं विचारलं होतं का? कुणाला आठवत असेल तर कमेंटमध्ये लिहा. फोटो नकोत, काम लिहा.