रस्त्यावर लावली म्हणून काय झालं?

आमच्या भागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज सकाळी एका गृहस्थांनी लिहिलं, "रस्त्यावर गाड्या लावायच्या आणि वर झाड पडलं की रडायचं. गाडी घ्यायच्या आधी जागा बघायची असते." खाली अंगठ्यांची रांग. मी तिथेच उत्तर टाईप करायला घेतलं होतं, मग पुसलं, वयाने मोठे आहेत, रोज समोर भेटतात. पण दिवसभर डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहिते.

ज्याच्याबद्दल हे लिहिलं तो आमच्या मागच्या घरातला मुलगा. नाव लिहीत नाही, त्याला आधीच पुरे झालंय. कळंगुटला हॉटेलात रात्रपाळीला असतो. रात्री उशिरा सुटल्यावर पणजीला परत यायला बस कुठे मिळते ते आपल्यापैकी कोणीतरी मला सांगावं. बाईक नसेल तर ती नोकरीच नाही. परवाच्या पावसात कंपाउंडच्या भिंतीलगत लावलेल्या त्याच्या बाईकवर भलीमोठी फांदी आली, टाकी चेपली, हँडल वाकलं, पुढचा फोर्क गेला. अग्निशामक दलाची मुलं आली, फांदी कापून बाजूला केली, आणि तो पोर भिजत उभा राहून मला म्हणाला, "काकी, पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे ना, मिळेल."

मिळणार नाही. काल विमा कंपनीच्या ऑफिसात जाऊन आला तेव्हा त्याला ते कळलं.

आता हे नीट वाचा, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हीच परिस्थिती असेल. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेतली की ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावाच लागतो, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं काही नुकसान झालं तर त्याची भरपाई. तुमच्या स्वतःच्या गाडीचं जे काही होईल, झाड पडो, चोरी होवो, पाण्यात बुडो, कोणी मागून ठोकून पळून जावो, त्याला लागतो तो ओन डॅमेज. आणि शोरूममधून बाहेर पडताना जी पॉलिसी हातात देतात तिच्यात बहुतेक वेळा ओन डॅमेज फक्त पहिल्या वर्षाचा असतो. एकाच कागदावर दोन तारखा, एक पुढच्या वर्षाची, एक पाच वर्षांनंतरची. पोरगा कुठली बघणार? मोबाईलवर सरकारचं एमपरिवहन ॲप उघडलं तर तिथेही विम्याची तारीख लांबची दिसते. पोलिसाने अडवलं तर पोलीसही ती बघून सोडतो, कारण कायद्याला थर्ड पार्टीच हवा, १९८८ चा मोटार वाहन कायदा, कलम १४६, नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड. म्हणजे सगळं जग त्याला सांगतंय की तुझा विमा आहे, आणि त्याची गाडी दुसऱ्या वर्षापासून उघडी आहे.

मला राग या गोष्टीचा आहे. शोरूममध्ये हेल्मेट, सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग, काय काय म्हणून गळ्यात मारतात, दोन दोनदा फोन करतात, आणि "वर्षभराने हा भाग संपतो बरं का, तो वेगळा रिन्यू कर" एवढं एक वाक्य कोणाच्या तोंडून निघत नाही? कागदावर लिहिलेलं असतं, हो, असतं. बारीक इंग्रजीत तिसऱ्या पानावर. बारावी झालेल्या पोराने हप्त्याच्या टेन्शनमध्ये ते वाचायला हवं होतं म्हणे. बरं.

५ वर्षांचा नियम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. विमा न भरता फिरणाऱ्या दुचाकी इतक्या होत्या की अपघातात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना काही मिळायचं नाही, त्यावर तो उपाय होता. चांगलाच आहे. पण त्याने माणसाला खोटा दिलासाही मिळतो, हे कोणी बोलत नाही.

आणि आता त्या "जागा बघायची असते" वर येते. कुठली जागा? पणजीच्या मळा भागात, फोंतेन्यशमध्ये, सांतिनेजच्या जुन्या भागात घरं बांधली तेव्हा दारात गाडी उभी करायची कल्पना कोणाच्या डोक्यात होती? दोन खोल्या, एक पडवी, समोर थेट रस्ता. नव्या बिल्डिंगांचं तर बोलूच नका, खाली पार्किंग दाखवायचं आणि नंतर तिथे दुकान काढायचं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. त्या पोराच्या आईने तुळशीच्या बाजूला गाडी घ्यायचा प्रयत्न केला होता, दोन पायऱ्या आहेत, रात्री दीडला एकट्याने चढवता येत नाही. त्या वहिनी काल माझ्याकडे येऊन रडल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. चहा पण घेतला नाही. गाडीचा हप्ता पुढच्या महिन्यातही जाणार, गाडी असो नसो. लोन देणाऱ्याला फांदीशी काही देणंघेणं नसतं.

फुटपाथवर, लोकांच्या गेटसमोर, वळणावर आडव्या लावणारे आहेत, मान्य, मलाही त्यांचा त्रास होतो. हा त्यातला नाही. भिंतीला चिकटून लावत होता.

स्टँडर्ड पॉलिसीत रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीला पैसे नाहीत असं कुठेही कलम नाही. वाजवी काळजी घ्या म्हणतात, म्हणजे चावी गाडीला लटकत सोडून जाऊ नका, कुलूप लावा. मग जे विमा कंपनी विचारत नाही ते शेजारी कशाला विचारतात? तुमच्या मुलाची कार बिल्डिंगखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली असते, देवाने तुम्हाला दिलंय, छान आहे, पण ज्याला नाही दिलं त्याच्या तोंडावर का मारता?

उलट ओन डॅमेजची गरज सगळ्यात जास्त रस्त्यावरच्या गाडीलाच. गाडी पावसाळाभर छत्री नसलेल्या माणसासारखी उभी असते. आणि १२५ सीसीच्या दोन-तीन वर्षं जुन्या बाईकला एका वर्षाचा ओन डॅमेज हजाराच्या आसपास जातो, बाईकप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे वर-खाली. वर १८ टक्के जीएसटी आहेच, वैयक्तिक हेल्थ आणि लाईफवरचा काढला, गाडीवरचा ठेवला. तरीसुद्धा आमचा पोर आनंदाने भरला असता, कोणी सांगितलं असतं तर. त्याच्या टाकीचाच खर्च त्याच्या कितीतरी पट सांगितलाय मेकॅनिकने.

लिहिता लिहिता थोडं शांत झाले, म्हणून कामाचं लिहिते, मला जे माहीत आहे तेवढं.

ओन डॅमेज एकटा वेगळा मिळतो, सप्टेंबर २०१९ पासून. थर्ड पार्टी एका कंपनीचा आणि हा दुसऱ्या कंपनीचा, चालतं. मध्ये खंड पडला असेल तर गाडीची तपासणी करून देतात, फोटो-व्हिडिओवरही होतं. ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळणारी सूट, जातो. क्लेम नसलेल्या पहिल्या वर्षानंतर तो २० टक्के असतो आणि वाढत वाढत ५० पर्यंत जातो, म्हणून तारीख जाऊ देऊ नका. प्लास्टिक आणि रबरच्या पार्टवर निम्मीच रक्कम मिळते, झिरो डेप नावाचं जादा कव्हर घेतलं तर तो कट लागत नाही, आणि स्कूटर तर अर्धी प्लास्टिकचीच असते. नुसता वेगळा बसवलेला बॉक्स किंवा लाईट चोरीला गेला तर पैसे नाहीत, गाडीच गेली तर त्याच्यासकट. हे मला स्वतःला अजिबात पटत नाही, रस्त्यावरच्या गाडीचं तेच तर पहिलं जातं, पण नियम तसा आहे.

मळ्यातल्या लोकांनो, पाणी भरलं आणि गाडी बुडाली तर स्टार्टर मारू नका, काहीही झालं तरी. ढकलत न्या. पाणी गेलेलं इंजिन चालू केलं आणि खराब झालं तर कंपन्या ते पैसे नाकारतात, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घेतलेलं असेल तरच बघतात.

गाडी चोरीला गेली तर आधी पोलीस स्टेशन, त्याच दिवशी. कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने क्लेम नाकारता येत नाही, एफआयआर वेळेत असेल तर, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय. कंपनीने ऐकलंच नाही, महिना गेला, तर विमा लोकपालाकडे जायचं, गोव्याचं काम मुंबईच्या कार्यालयाकडे आहे, फी नाही, वकील लागत नाही.

आमच्या पोराला यातलं काहीच उपयोगाचं नाही, कारण त्याच्याकडे तो कागदच नव्हता. वाड्यावरच्या काही जणांनी मिळून रिपेअरचे थोडे पैसे जमवायचं ठरवलंय, ज्यांना द्यायचे त्यांनी मला फोन करा. ग्रुपवर अंगठा दाखवलेल्यांनीही केला तरी चालेल, मी मागचं काही काढणार नाही.

आणि ज्यांच्या घरी २०१८ नंतर घेतलेली दुचाकी आहे त्यांनी पॉलिसी काढून ओन डॅमेजसमोरची तारीख बघा, थर्ड पार्टीसमोरची नको. इंग्रजी समजत नसेल तर पानांचा फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा, मी बघून सांगते. रात्री अकरापर्यंत जागी असते.